सानादा मासायुकी आणि त्याचं घराणं: एका सामुराई सेनापतीचा अभ्यास कसा करावा

सामुराई सेनापतीचं चरित्र वाचायला घेताना बहुतेक जण एकच माणूस निवडतात आणि त्याच्या लढाया मोजू लागतात. गोंधळ तिथेच सुरू होतो. काल ज्याच्या बाजूने तो लढला त्याच्यावरच आज चालून जातो, धाकटा मुलगा जुन्या शत्रूच्या गडावर ओलीस म्हणून राहायला जातो, थोरल्याचं लग्न हाडवैऱ्याच्या सेनापतीच्या मुलीशी लागतं. मग वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूसच बेभरवशाचा. पण हेच सगळं घराण्याच्या बाजूने, म्हणजे जमीन कुणाच्या हातात राहिली या प्रश्नाने वाचलं, तर एकेक पाऊल उलगडत जातं. म्हणून अभ्यासाला माणूस घेऊ नका, घराणं घ्या.

सुरुवातीला सानादा घराणं सगळ्यात सोयीचं. ते मोठं नाही, त्याची मूळ जमीन आजच्या नागानो प्रांतातल्या एका खोऱ्याएवढी. तीन पिढ्यांत सगळी कथा मावते, घरातली पत्रं टिकली आहेत आणि ठिकाणं आजही पायी फिरता येतात. मधोमध आहे सानादा मासायुकी (१५४७–१६११). त्याचा धाकटा मुलगा युकिमुरा जगभर जास्त प्रसिद्ध आहे, पण त्याच्यापासून सुरुवात केलीत तर शेवट आधी आणि कारणं नंतर वाचाल.

आधी सांगाडा उतरवून घ्या

वहीच्या पहिल्या पानावर फक्त वंशावळ काढा, बारा नावांपेक्षा जास्त नको. सगळ्यात वर मासायुकीचा बाप. जुन्या पुस्तकांत तो युकिताका, त्याच्या काळच्या कागदांत युकित्सुना, माणूस एकच. १५४१ मध्ये त्याची जमीन गेली, तो बलाढ्य सरदार ताकेदा शिंगेनच्या चाकरीत शिरला आणि १५५१ मध्ये तोइशीचा डोंगरी गड फितुरी घडवून घेतला. आदल्याच वर्षी खुद्द शिंगेनला तो गड घेता आला नव्हता. त्याच्याखाली थोरली तीन मुलं: नोबुत्सुना, मासातेरु, मासायुकी. पहिले दोघे १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत एकाच दिवशी पडले, म्हणून तिसऱ्याकडे घराणं आलं. मासायुकीखाली नोबुयुकी (१५६६–१६५८) आणि नोबुशिगे, म्हणजेच युकिमुरा (मृत्यू १६१५). मुलींची आणि बायकांची नावं याच पानावर, त्याच आकारात लिहा. नंतर जोडू म्हटलं तर ती राहतात, आणि मग १६०० मध्ये काय झालं ते कळत नाही.

नावांचा तक्ता

एका सामुराईला आयुष्यात चार-पाच नावं असतात. प्रत्येकासाठी रकाने करा: बालपणीचं नाव, हाक मारायचं नाव, खरं नाव, दरबारी पद, दत्तक गेला असल्यास ते आडनाव. मासायुकीचं बालपणीचं नाव गेन्गोरो. पुढे ताकेदांनी त्याला मुतो घराण्यात दत्तक दिलं, तेव्हा तो मुतो किहेइ. भाऊ मेल्यावर परत सानादा. पदावरून आवा-नो-कामी. हा तक्ता नसेल तर १५७५ पूर्वीच्या यादीतला मुतो किहेइ हाच पुढचा सेनापती हे लक्षातच येत नाही.

दोन चुका हमखास होतात. पहिली, नावातल्या आकड्यावरून जन्मक्रम लावायचा. थोरला नोबुयुकी हा गेन्झाबुरो, म्हणजे नावात तीन. धाकटा नोबुशिगे गेन्जिरो, नावात दोन. तिसरा मुलगा असलेल्या मासायुकीच्या नावात तर पाच आहे. तेव्हा आकडा सोडून द्या. दुसरी चूक देवनागरीत किंवा रोमन लिपीत वाचणाऱ्यांची. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर नोबुयुकीने बापाच्या नावातलं 'युकी' हे अक्षर टाकलं आणि त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर घेतलं. ऐकायला काहीच बदललं नाही, पण कागदावर त्याने बापापासून फारकत दाखवली. कागद कोणत्या काळातला हे ठरवायला हा बदल फार उपयोगी पडतो, म्हणून वहीत दोन्ही जपानी अक्षरं चित्रासारखी का होईना, उतरवून ठेवा.

'युकिमुरा' हे नाव त्याच्या हयातीतल्या कुठल्याच कागदात नाही. ते नंतरच्या युद्धकथांतून रुळलं. स्वतःच्या पत्रांत तो नोबुशिगे आहे, आणि पदावरून साएमोन-नो-सुके. त्याच्या हाताखालचे ते दहा शूर साथीदार लोकवाङ्मयातले आहेत. त्यांना वंशावळीच्या पानावर जागा देऊ नका.

तारखा बदलताना

मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे, कारण पंचांग आपल्या ओळखीचं असतं. जुन्या जपानी दिनदर्शिकेतही महिना चंद्राचा आणि तो अमावास्येच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे १५ तारीख पौर्णिमेच्या आसपास. रात्रीच्या हालचालींबद्दल वाचताना चांदणं होतं की काळोख, हे तारखेवरूनच कळतं. चांद्र वर्ष सौर वर्षाशी जुळवायला तिथेही अधिक महिना टाकतात. मात्र आपल्याकडे अधिक आधी आणि निज नंतर, तिथे उलटं: नेहमीचा महिना आधी, त्याच क्रमांकाचा अधिक नंतर. १५८५ मध्ये आठवा महिना असा दोनदा आला आणि मासायुकीच्या उएदा गडाची पहिली लढाई दुसऱ्या, म्हणजे अधिक आठव्यात झाली. 'अधिक' हा शब्द सुटला की लढाई थेट एक महिना मागे सरकते.

पाचवा महिना म्हणजे मे, असं कधीही धरू नका. सेकिगाहाराची लढाई केइचो या पर्वाचं ५ वं वर्ष, नववा महिना, १५ तारीख. आपल्या दिनदर्शिकेत २१ ऑक्टोबर १६००. नोबुशिगे पडला तो पाचव्या महिन्याची ७ तारीख, म्हणजे ३ जून १६१५. वर्षाची अखेर तर हमखास फसवते. तोकुगावांनी ओसाका गडावर केलेल्या हिवाळी मोहिमेचा तह केइचो १९ च्या बाराव्या महिन्यात झाला, पण तोवर पश्चिमी वर्ष १६१५ लागलं होतं. शिवाय गेन्ना हे नवं पर्व १६१५ च्या सातव्या महिन्यात सुरू झालं, तरी पुष्कळ पुस्तकं त्याआधीच्या उन्हाळी मोहिमेलाही गेन्ना १ म्हणतात. त्या दिवशी जिवंत असलेल्यांसाठी ते केइचो २० होतं. १५८२ च्या आधीच्या तारखांना आणखी एक पेच: एक लेखक जुलियन तारीख देतो, दुसरा ग्रेगोरियन, आणि मध्ये दहा दिवसांचं अंतर पडतं. म्हणून वहीत आधी जपानी तारीख लिहा आणि शेजारी बदललेली. नुसती बदललेली तारीख ठेवलीत तर चूक शोधायला मागे जाता येत नाही.

वयाचंही तसंच. जन्मताच एक, आणि प्रत्येक नव्या वर्षी आणखी एक. मासायुकी 'सातव्या वर्षी' ताकेदांकडे ओलीस गेला, ते आपल्या हिशेबाने सहावं. नोबुयुकी ९३ व्या वर्षी वारला म्हणतात, ते पूर्ण झालेली ९२. नेहमी एक किंवा दोन वजा करा.

कोकूचा हिशेब

एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, वजनाने अंदाजे १५० किलो, साधारण एका माणसाचं वर्षाचं धान्य. सरदाराची जमीन यात मोजतात, पण हा आकडा अंदाजित उत्पन्नाचा आहे, त्याच्या कोठारात येणाऱ्या धान्याचा नाही. त्याचा वाटा ढोबळमानाने चार ते सहा दशांश.

सैन्याचा अंदाज घ्यायला १०० कोकूमागे ३ ते ५ माणसं धरा. १६०० मध्ये मासायुकीकडची उएदाची जमीन ३८,००० कोकू. शंभराला पाच धरले तर १,९०० माणसं. त्या वर्षी गडात २,५०० ते ३,००० जण होते असं सांगतात. जमिनीच्या हिशेबातल्या सैन्यापलीकडे आसपासचे गावकरी आत घेतले असतील तर हा आकडा पटतो, दहा हजार मात्र पटला नसता. कोणत्याही लढाईच्या आकड्यांवर ही चाचणी आधी लावा. लक्षात ठेवायची गोष्ट: समोरच्या हिदेतादाचं, म्हणजे तोकुगावा इएयासूच्या मुलाचं सैन्यही ३८,०००च होतं. कोकू आणि माणसं यांची इथे हटकून अदलाबदल होते.

१५८५ ला मात्र ही पद्धत लावू नका. जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीच्या जमीनमोजणीआधी पूर्व जपानात जमीन नाण्यांत, 'कान' या एककात मोजत, आणि त्याचं कोकूत रूपांतर प्रांताप्रांतात वेगळं पडतं.

कोकू हा कधीकधी नुसता दावाही असतो. मासायुकीचा पणतू सानादा नोबुतोशी याने नुमाता या घराण्याच्या दुसऱ्या गडाच्या ३०,००० कोकूंच्या जमिनीची नवी मोजणी करून ती १,४४,००० दाखवली. मात्सुशिरोच्या थोरल्या शाखेकडे १,००,००० होते, तिच्यापुढे जायचं होतं. कर त्या आकड्यावर बसला, शेतकरी भरडले गेले, एदोच्या (आजच्या तोक्योच्या) र्योगोकु पुलासाठी लाकूड वेळेवर पोचलं नाही, आणि १६८१ मध्ये शोगुनाने जहागीरच काढून घेतली. शंभर वर्षं ज्या नुमातासाठी घराणं झुंजलं, ते असं गेलं.

निष्ठेची पट्टी

आता सगळ्यात महत्त्वाचं पान. आडवी पट्टी काढा, १५८२ ते १६००. प्रत्येक बदलाखाली दोन गोष्टी लिहा: कुणाकडे गेला, आणि त्या क्षणी नुमाता कुणाच्या हातात होतं. दुसरी ओळ विसरलात तर पट्टीचा काही उपयोग नाही.

मार्च-एप्रिल १५८२ मध्ये ताकेदा घराणं संपलं आणि मासायुकी ओदा नोबुनागाकडे गेला. जूनमध्ये नोबुनागा मारला गेला. पुढच्या काही महिन्यांत मासायुकी उएसुगी, होजो आणि तोकुगावा असा फिरला. तीन बलाढ्य शेजारी ताकेदांची बेवारस जमीन वाटून घेत होते आणि तो मध्ये उभा होता. वर्षाच्या शेवटी तोकुगावा आणि होजो यांचा तह झाला, त्यात तोकुगावा इएयासूने नुमाता होजोंना देऊ केलं. मासायुकीचं उत्तर होतं की ते इएयासूने दिलेलंच नाही, आम्ही स्वतः मिळवलं आहे. तो उएसुगींकडे वळला, नोबुशिगेला तिथे ओलीस पाठवलं, आणि १५८५ मध्ये तोकुगावांचे सुमारे ७,००० लोक उएदावर आले. ते हरून परतले. पुढे हिदेयोशीचं छत्र आलं. १५८९ मध्ये त्याने नुमाताचे दोन भाग होजोंना आणि नागुरुमीसह एक भाग सानादांना दिला. काही महिन्यांतच होजोंच्या सरदाराने नागुरुमी बळकावलं, हिदेयोशीला निमित्त मिळालं आणि १५९० मध्ये होजो घराणं ओदावाराला संपलं. एका छोट्या गडाने एवढं घडवलं.

पट्टी अशी भरली की 'बेभरवशाचा' हा शिक्का गळून पडतो. मालक सहा, पण मागणी एकच.

पत्र आणि नंतरची कथा वेगळी ठेवा

बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी इतिहास वाचणाऱ्याला नव्याने सांगायला नको. जपानी युद्धकथांनाही तोच नियम. प्रत्येक माहितीपुढे खूण करा: त्याच वर्षीचं पत्र, सहभागी माणसाची आठवण, की पन्नास-शंभर वर्षांनंतरचं लिखाण.

उएदाची पहिली लढाई यासाठी उत्तम सराव आहे. लढाईनंतर काही दिवसांतच नोबुयुकीने पत्रात लिहिलं की कोकुबुन्जीजवळ १,३०० वर शत्रू मारले. तोकुगावांकडून लढलेल्या ओकुबो तादाताकाने आपल्या आठवणींत मृतांचा आकडा ३०० च्या आसपास दिला. दोघंही जवळचे साक्षीदार, पण विजयी बाजूला बातमी पसरवायची होती आणि हरलेल्याला लाज झाकायची. सरासरी काढू नका, दोन्ही आकडे मालकासह नोंदवा. तसंच ओसाकाच्या लढाईतल्या नोबुशिगेबद्दलचं 'सानादा हा जपानचा पहिला योद्धा' हे शिमाझू सरदारांच्या पत्रातलं वाक्य. शिमाझूंचं सैन्य त्या लढाईत पोचलंच नव्हतं, म्हणजे ती ऐकीव कीर्ती आहे. वाक्य खरं, साक्ष नाही.

पत्रांवर अनेकदा महिना आणि दिवस असतो, वर्ष नसतं. मग पद, सहीची मोहोर, ज्याला लिहिलं त्याचं पद, आणि नोबुयुकीच्या बाबतीत ते बदललेलं अक्षर, यांवरून वर्ष ठरवतात. एखादं पुस्तक वर्ष कसं ठरवलं हे न सांगता देत असेल, तर ती तारीख पेन्सिलने लिहा.

१६०० चं पान: लग्नं पाहा

नोबुयुकीची बायको कोमात्सुहिमे ही होन्दा तादाकात्सूची मुलगी, तोकुगावांनी दत्तक घेऊन दिलेली. नोबुशिगेची बायको चिकुरिन-इन ही ओतानी योशित्सुगूची मुलगी, आणि योशित्सुगू हा तोकुगावांविरुद्धच्या पश्चिमेकडच्या बाजूचा पुढारी इशिदा मित्सुनारी याचा जवळचा मित्र. ही दोन लग्नं वंशावळीवर दिसत असतील तर इनुबुशीला बाप आणि मुलगे वेगळे का झाले हे विचारावं लागत नाही. थोरला पूर्वेकडच्या तोकुगावांबरोबर राहिला, बाप आणि धाकटा पश्चिमेकडे. घराणं टिकावं म्हणून ठरवून केलं, असं पुष्कळदा लिहितात. पण नाती आधीच तशी जोडलेली होती, आणि माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे. परतताना मासायुकीला नातवंडांना भेटायला नुमातात शिरायचं होतं आणि चिलखत घातलेल्या कोमात्सुहिमेने दार उघडलं नाही, हा प्रसंग नंतरच्या लिखाणातला. तशी खूण करूनच वापरा.

मासायुकीने उएदाला हिदेतादाला अडकवून ठेवलं. हिदेतादा सेकिगाहाराला उशिरा पोचला, पण लढाई इएयासूने जिंकली. नोबुयुकी आणि त्याच्या सासऱ्याच्या रदबदलीने बाप-लेकाचा जीव वाचला आणि ते कोया डोंगराखाली कुदोयामाला नजरकैदेत गेले. इथली पत्रं सावकाश वाचा. मासायुकी नोबुयुकीकडचे ठरलेले ४० र्यो (सोन्याची नाणी) मागतो. २० पोचले, उरलेले शक्य तसे पाठव, पाच का होईना. नोबुशिगे शोचू ही दारू मागवतो आणि भांड्यांची तोंडं नीट बंद करायला सांगतो. पुढे मेव्हण्याला लिहितो की एकाएकी म्हातारा झालो, दात पडले, दाढीत काळे केस फारसे उरले नाहीत. लाल चिलखतातल्या तरुण वीराची चित्रं काढणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावं. ओसाकाला लढायला निघाला तो हा माणूस.

प्रत्यक्ष फिरताना

कालक्रमाने फिरा. तोक्योहून होकुरिकु शिनकान्सेनने उएदा साधारण दीड तास. तिथून स्थानिक गाडीने एकच स्थानक अलीकडे शिनानो-कोकुबुन्जीला जा आणि उएदा गडाकडे परत चालत या. १५८५ च्या पत्रातली जागा आणि हल्ल्याची दिशा तुमच्या पायाखाली येते. जवळच कान गावा ही नदी आहे, माघारीत तोकुगावांचे लोक इथेच बुडाले.

गडावर एक गोष्ट लक्षात असू द्या: दिसतो तो मासायुकीचा गड नव्हे. तो सेकिगाहारानंतर पाडला. आजची रचना सेन्गोकु तादामासाने १६२६ पासून उभी केली. पश्चिमेचा बुरूज मूळ जागी आहे; उत्तर आणि दक्षिण बुरूज मेइजी काळात विकले गेले आणि विसाव्या शतकात परत आणून उभे केले. मासायुकीच्या काळचं काही पाहायचं तर संग्रहालयातली उत्खननात निघालेली सोन्याच्या वर्खाची कौलं बघा. दक्षिणेकडचा कडा खालून, वाहनतळावरून पाहा. तिथे तेव्हा नदीचं पाणी होतं, म्हणून त्या बाजूने हल्ला करता येत नव्हता. तोइशीची चढण बर्फात टाळा आणि अस्वलासाठी घंटी जवळ ठेवा.

नुमाताचं स्थानक नदीच्या पातळीवर आणि गड वरच्या पठारावर आहे. चढूनच जा, हा गड सगळ्यांना का हवा होता ते चढताना कळतं. मात्सुशिरोला आता रेल्वे नाही, ती २०१२ मध्ये बंद झाली. नागानोहून बसने अर्धा तास. नोबुयुकीला १६२२ मध्ये इथे हलवलं आणि १८७१ पर्यंत घराणं इथेच राहिलं. पत्रं आणि चिलखतं सानादा संग्रहालयात आहेत. साप्ताहिक सुट्टी सोमवारीच असेल असं धरू नका, आधी पाहून जा. निशाणांवर सहा नाणी शोधा, मेल्यावर सान्झु नदी ओलांडायचं ते भाडं. सोबत उडत्या हंसांची दुसरी मुद्रा दिसेल, ती शांततेच्या काळात जास्त वापरात होती.

ओसाकात सानादामारू तटबंदीची जागा तामात्सुकुरीच्या दक्षिणेला, आता शाळा आणि घरांखाली. उत्तर, पूर्व, पश्चिमेला पाणी आणि दलदल, फक्त दक्षिणेला पठार. नोबुशिगेने तटबंदी तिथेच का घातली हे चालताना जमिनीच्या उतारावरून समजतं. तिथून चाउसुयामा आणि यासुइ देवळापर्यंत जा. तो पडला ते यासुइजवळ. मुलगा दाइसुके दुसऱ्या दिवशी गडात हिदेयोशीच्या मुलाबरोबर, हिदेयोरीबरोबर मेला.

पण नोबुशिगेचा वंश तिथे संपत नाही, आणि हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मुलगी उमे ज्याच्या हाती लागली तो शत्रुपक्षातला काताकुरा शिगेनागा. पुढे ती त्याची बायको झाली. धाकटा मुलगा मोरिनोबू त्याच घरात काताकुरा आडनावाने वाढला आणि नंतरच्या पिढ्यांनी सानादा नाव परत घेतलं. त्यासाठी उत्तरेला शिरोइशीला जावं लागतं. शिनकान्सेनचं शिरोइशी-झाओ स्थानक गडापासून दूर पडतं. तोहोकु मुख्य मार्गावरच्या शिरोइशी स्थानकावर उतरा, तिथून गड पायी दहा मिनिटांवर आहे. मनोरा १९९५ मध्ये जुन्या पद्धतीने लाकडात बांधलेला आहे.